त्रिकोण आधी कापू नका
तीन-चार गोधड्यांचे तुकडे एकदमच कापून ठेवावेत, असं म्हणतात, ते चौकोनांपुरतं अगदी पटलं. त्रिकोण मात्र नकोत. त्यांची तिरपी कड उरेब, म्हणजे कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना तिरकी असते, हाताळली की ताणते. आईच्या सुती नऊवारीचे त्रिकोण मी दोन महिने डब्यात ठेवले होते. काढले तर कडा लाटांसारख्या झालेल्या, एकही टोक जुळेना. फार जीव हळहळला.

आता पाच इंची चौकोनच कापून ठेवते. शिवायच्या दिवशी दोन चौकोन सुलट बाजू आत घेऊन ठेवायचे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खडूने रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंनी पाव इंचावर शिलाई घालायची आणि मग रेघेवर कापायचं. प्रत्येकी दोन त्रिकोण जोडलेले असे दोन जोडचौकोन मिळतात, ते साडेचार इंचांवर छाटून घ्यायचे.