सत्त्व, अर्क की आणखी काही?

पिंपळपान: सर्पगंधेवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. १९५२ साली तिच्या मुळांतून रेसर्पिन हे रक्तदाबावरचं औषधी द्रव्य वेगळं काढलं, त्याला मी 'सर्पगंधेचं सत्त्व' म्हटलं. संपादकांनी खोडून 'अर्क' केलं. मला दोन्ही पटेनात. एकच शुद्ध द्रव्य, एवढा अर्थ हवाय.

खलबत्ता: अर्क नकोच! अर्क भट्टी लावून, वाफ थंड करून काढतात. रेसर्पिन वाफेबरोबर येतच नाही. शिवाय संस्कृतात अर्क म्हणजे रुई.

जुनी_पोथी: आणि सूर्यही. उष्णतेनं निघतो म्हणून अर्क, असं वडील सांगायचे.

खलबत्ता: हा अर्क अरबी 'अरक'वरून आला, म्हणजे घाम. झाकणाला थेंब धरतात ना, तेच.

वेलदोडा: सत्त्वही चालणार नाही. गुळवेलीचं सत्त्व आठवा: खोड ठेचून पाण्यात कोळायचं, गाळायचं, तळाचा पांढरा साका वाळवायचा. तो बहुतेक स्टार्चच. सरळ 'अल्कलॉइड' लिहा, म्हणजे वनस्पतीतलं नायट्रोजन असलेलं, अल्कलीसारखं द्रव्य.

जुनी_पोथी: 'क्षाराभ' असताना अल्कलॉइड कशाला?

वेलदोडा: कारण वाचणाऱ्याला क्षाराभ कळत नाही. पण सरसकट अल्कलॉइडही नको हं, मलेरियावरचं आर्टेमिसिनिन त्यात बसत नाही, त्यात नायट्रोजनच नाही.

पिंपळपान: ते चिनी काढ्यातून निघालं ना?

खलबत्ता: काढा म्हणू नका, तिथेच तर सगळी मेख आहे. उकळलं की गुण जातो. चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी वैद्यानं वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलं होतं. त्यावरून चिनी संशोधक तू यूयू यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं आणि औषध हाती लागलं. २०१५ चं नोबेल त्याचंच. आपल्याकडे आयुर्वेदात स्वरस (पिळलेला रस), कल्क (वाटलेला गोळा), क्वाथ (उकळलेला काढा), हिम (थंड पाण्यात भिजवून गाळलेला), फांट (गरम पाण्यात भिजवून गाळलेला) हे पाच वेगळे मानले, ते उगाच नाही. सगळ्याला 'काढा' म्हटलं की कृतीच हरवते.

जुनी_पोथी: मग गे होंगचा तो स्वरस की हिम?

खलबत्ता: भिजवला म्हणून हिम.

वेलदोडा: पिळला म्हणून स्वरस म्हणेन मी. स्वरसालाही सुकी वनस्पती भिजवून घेतात.

पिंपळपान: 'शुद्ध घटकद्रव्य' लिहू का?

जुनी_पोथी: द्रव्यांची नावं बघा, त्यात माणसंही सापडतात. सर्पगंधेतलंच अजमलीन रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमान सिद्दीकींनी १९३१ मध्ये काढलं आणि हकीम अजमल खानांचं नाव दिलं. रेसर्पिनच्या नावात मात्र नुसती वनस्पती.

खलबत्ता: तेही लॅटिन नाव, 'सर्पेंटिना'. सर्प दोन्हीकडे आहे, गंधा गेली.