मदत हवी आहे : बर्फ कारखान्यातील व्यसनाधीन ऑपरेटरबाबत न्याय्य निर्णय कसा घ्यावा?

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बंदरालगतच्या बर्फ कारखान्याचे व्यवस्थापन मी पाहतो. गाव लहान असल्यामुळे बंदराचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

आमचा कॉम्प्रेसरवरचा जुना, जाणता ऑपरेटर या हंगामात रात्रपाळीला दारू पिऊन येऊ लागला. दाबाच्या नोंदी कोऱ्या राहू लागल्या, आणि बर्फ गोठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अमोनिया या विषारी वायूची गळती वेळेत लक्षात आली नाही तर त्याच्याबरोबर बर्फ काढणाऱ्या सगळ्यांच्याच जिवावर बेतू शकते. म्हणून पगार तोच ठेवून त्याला दिवसपाळीत गाड्यांच्या नोंदीवर बसवले आहे. त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. (बर्फ आधी मिळावा म्हणून बाटली पुढे करणारेही बंदरावर आहेत, पण तो विषय वेगळा.)

अडचण पुढे आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बर्फाला मागणी नसते, तेव्हा त्याला पगारी रजा देऊन रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातील तज्ज्ञांना दाखवावे किंवा पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पाठवावे, असा विचार आहे. रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येण्याचा किंवा भ्रम होण्याचा धोका असतो, त्यामुळे 'उद्यापासून बंद कर' असा दम देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. परंतु उपचार घेतले तरच कॉम्प्रेसरवर परत घेऊ, अशी अट घालणे न्याय्य आहे, की ती त्याच्या गरजेचा फायदा घेऊन केलेली सक्ती ठरेल?

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचाही समावेश आहे आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे. त्या कायद्याचा रोख उपचार करणाऱ्यांवर असला, तरी मीही सहकाऱ्यांना बदलीचे कारण सांगितलेले नाही. परिणामी, तो मालकांचा लाडका असल्यामुळे त्याला हलके काम मिळाले, अशी कुजबुज सुरू आहे आणि रात्रपाळीचा बोजा ज्यांच्यावर पडला त्यांची नाराजी मला चुकीची म्हणता येत नाही.

शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. त्याचा पगार आपल्या हाती द्यावा, अशी त्याच्या पत्नीची विनंती आहे. पगार त्याचा आहे, त्यामुळे त्याला वगळून असे करणे मला पटत नाही. उचल देणे मात्र थांबवले आहे. पगारातील काही भाग पत्नीच्या खात्यावर जमा व्हावा, अशी लेखी संमती, तो पूर्ण शुद्धीत असताना आणि कोणताही दबाव न आणता, कोणी प्रत्यक्षात घेतली आहे काय?