मदत हवी आहे: ६५ वॉटच्या लॅपटॉपला टाइप-सी केबल कोणती घेऊ?

नमस्कार मंडळी,

मुलीच्या लॅपटॉपची चार्जिंग केबल गेली. नवी घ्यायला बाजारात गेले तर डोकं चक्रावलं, म्हणून हा धागा.

अडॅप्टर आणि केबल वेगवेगळे आहेत, केबलच्या दोन्ही टोकांना टाइप-सी. अडॅप्टर ठणठणीत. केबल मात्र लॅपटॉपकडच्या टोकाला, मान संपते तिथेच सोलली आहे, आतली चंदेरी जाळी दिसते. अमुक कोनात धरली तर चार्जिंग सुरू, हात काढला की बंद. टेप गुंडाळून थोडे दिवस रेटलं, पण आता ते टोक चटका बसेल इतकं तापतं, म्हणून काढूनच ठेवली.

अडॅप्टरवरची बारीक करडी अक्षरं मोबाईलने फोटो काढून, मोठी करून वाचली. आउटपुट: ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १५ व्होल्ट ३ अँपिअर, २० व्होल्ट ३.२५ अँपिअर. म्हणजे ६५ वॉट.

इथे कराडात दुकानदाराने तीन केबल समोर टाकल्या. एक ६० वॉटची, अडीचशेला. दुसरीवर '६५ वॉट सुपर फास्ट' छापलेलं, पण तिचं एक टोक जुन्या चपट्या यूएसबीचं. तिसरी २४० वॉटची, पहिलीच्या तिप्पट भावाची. त्याचं म्हणणं, "मॅडम, साठ नि पासष्टमध्ये काय फरक पडतो? न्या बिनधास्त." घरातली मोबाईलची सी-टू-सी केबल लावली तर चार्जिंग होतं, पण स्क्रीनवर 'स्लो चार्जर'ची सूचना येते.

तर साठवाली चालेल का? २४० वॉटची लावली तर जास्त करंट जाऊन लॅपटॉप जळणार नाही ना? आणि लांब केबल घेतली तर चालते का? तिच्या खोलीतला प्लग नेमका पलंगामागे आहे.

सबमिशन डोक्यावर आहेत, लवकर कळलं तर बरं. आगाऊ आभार!

खटपट्या:

ताई, त्या "काय फरक पडतो"मध्येच सगळी गोम आहे. वॉट क्षणभर बाजूला ठेवा, अँपिअर बघा.

साध्या सी-टू-सी केबलची मर्यादा ३ अँपिअर. २० व्होल्ट गुणिले ३, झाले ६० वॉट. केबलवरचा साठचा आकडा आला तो असा. तुमच्या अडॅप्टरला २० व्होल्टवर ३.२५ द्यायचे आहेत, म्हणजे तो पाव अँपिअरसाठी रेषेच्या पलीकडे. तीनच्या वर जायचं तर ५ अँपिअरची केबल लागते आणि तिच्या प्लगमध्ये ई-मार्कर नावाची इवलीशी चिप असावी लागते. अडॅप्टर आधी त्या चिपला विचारतो, तुला किती झेपतं बाई? चिपच नसेल तर तो तीनच्या वर जात नाही, मग स्वतः कितीही दणकट असो. मोबाईलच्या केबलवर सूचना येते ती बहुधा यामुळेच. त्याने काही जळत नाही, जरा हळू भरेल इतकंच. नवी येईपर्यंत सबमिशनचं काम तिच्यावर खुशाल चालवा.

अडॅप्टर ४५ वॉटचा असता तर ती अडीचशेचीच डोळे झाकून घ्या म्हटलं असतं.

दुसरीचा विचारही नको. पॉवर डिलिव्हरी, म्हणजे टाइप-सीवरून जास्त वीज देण्याची ठरलेली पद्धत, तिच्यासाठी अडॅप्टर आणि लॅपटॉपचं जे बोलणं व्हावं लागतं, ते चपट्या टोकातून होतच नाही. त्यावरचे '६५ वॉट' म्हणजे एखाद्या मोबाईल कंपनीची स्वतःची पद्धत, १० व्होल्ट ६.५ अँपिअर वगैरे. शिवाय ते टोक तुमच्या अडॅप्टरमध्ये जाणारच नाही!

२४० वाली बिनधास्त लावा. मोठ्या ताटात वाढलं म्हणून कोणी जास्त जेवत नाही. किती घ्यायचं ते लॅपटॉप ठरवतो, २४० ही केबलची कुवत. २०२१ साली पॉवर डिलिव्हरी ३.१ आलं तेव्हा ४८ व्होल्ट ५ अँपिअरपर्यंतची सोय झाली, तिथून हा आकडा आला. तुमच्याकडे २० व्होल्टच वाहणार. '१०० वॉट, ५ अँपिअर' लिहिलेली जुन्या स्टॉकमधली मिळाली तर तीही तितकीच चालेल आणि स्वस्त पडेल.

निळी_शाई:

लांबीचं सांगते. दोन मीटरची खुशाल घ्या, फक्त ५ अँपिअर लिहिलेली हवी. पण छोटी केबल घेऊन तिला टाइप-सीची एक्स्टेंशन जोडू नका. टाइप-सीच्या मानकात तसली एक्स्टेंशन बसतच नाही, बाजारात सर्रास मिळते ती गोष्ट वेगळी. प्लग पलंगामागे असेल तर भिंतीकडून चांगला एक्स्टेंशन बोर्ड घ्या. चुंबकाच्या टोकाच्या केबलही टाळा, लॅपटॉपच्या करंटला उघड्या पिना मला तरी पटत नाहीत.

अजून एक. चार्जिंगच्या केबल बहुतेक आतून यूएसबी २.० असतात, ४८० मेगाबिटच्या. त्यावरून मॉनिटर चालेल अशी अपेक्षा ठेवू नका.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. २४० वाली आणते. वॉट दाखवणारी केबल मिळते म्हणे, तिचा उपयोग होतो का?

आणि लगे हाथ: सासऱ्यांच्या जुन्या लॅपटॉपला गोल पिन आहे, मधोमध सुईसारखी बारीक पिन असलेली. ती वायर विटेजवळ, म्हणजे अडॅप्टरच्या ठोकळ्याजवळ, तुटली आहे. आता लॅपटॉप चालतो पण बॅटरी भरत नाही. वीट १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. नुसती वायर बदलता येते का?

खटपट्या:

वॉट दाखवणारी मजेशीर असते, पण बॅटरी २०-३० टक्क्यांवर असताना बघा. ऐंशीच्या पुढे लॅपटॉप स्वतःच कमी ओढतो, मग लोक उगाच केबलला शिव्या घालतात.

सोल्डरकाका:

सूनबाई, मधली बारीक पिन वीज देत नाही, ओळख देते. अडॅप्टर किती वॉटचा हे लॅपटॉप तिच्यावरून वाचतो. तिची तार तुटली की लॅपटॉप चालू राहतो पण बॅटरी भरत नाही, वर प्रोसेसरचा वेगही उतरवतो. तुमचं लक्षण अगदी तेच.

वायर बदलता येते. दुकानात पिनेसकट तयार 'डीसी कॉर्ड' मिळते. मागताना आत तीन तारा आहेत ना हे विचारा. दोन तारांची लावली तर आज आहे तेच दुखणं पुढे चालू. जुनी पिन सोबत न्या, बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पिना आतून वेगळ्या निघतात.

पण वीट घरी फोडू नका. कवच चिकटवून बंद केलेलं असतं. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणारा भाग) सवातीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकून राहू शकतात. रिपेअरवाल्याकडेच द्या.

त्याने नाही म्हटलं तर पूर्ण अडॅप्टर घ्या. व्होल्ट १९.५ च हवेत, अँपिअर ३.३४ किंवा त्याहून जास्त, ४.६२ चा, म्हणजे ९० वॉटवालाही चालेल. त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक बघा आणि बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पडताळा. नंबर छापणं सोपं असतं हो, म्हणून पडताळा म्हणतो.

कराडात कॉर्ड मिळाली नाही तर पुण्याला जाणाऱ्या कोणाला तरी पिन देऊन बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ पाठवा. मुंबईची फेरी असेल तर लॅमिंग्टन रोड. अडॅप्टरच्या लेबलचा फोटो इथे टाकलात तर नेमकी कोणती कॉर्ड मागायची ते लिहून देतो.