फ्रीअर टाउनची धर्मोपदेशक शाळा पाहायची तर

केनियातल्या मोंबासाला जाऊन फ्रीअर टाउनची (गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी मिशनने वसवलेली वसाहत) धर्मोपदेशक घडवणारी शाळा पाहता येईल का, असं बरेच जण विचारतात. इथेच बहुतेकांची गफलत होते. १९०३ साली तिथे सुरू झालेली ही शाळा १९३० मध्ये नैरोबीजवळच्या लिमुरूला हलली. आज तिचं सेंट पॉल्स विद्यापीठ झालंय. मोंबासात जुन्या वसाहतीची घंटा पाहायला मिळते. ती घंटा असलेला चौक विचारताना 'केंगेलेनी' म्हणा. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा.

तिथून राबाईला, म्हणजे मोंबासाजवळच्या जुन्या मिशन-गावाला, मात्र जाच. त्याचा नाशिकशी संबंध आहे. गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकी मुलं आपल्या नाशिकच्या शरणपूरला, तिथल्या मिशनच्या वसाहतीत, शिकली. त्यांतले काही पुढे राबाईला आले. त्यांतल्याच विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये डीकनची (पाद्रीपदाची पहिली पायरी) दीक्षा मिळाली. पूर्व आफ्रिकेतल्या स्थानिक धर्मोपदेशकांची सुरुवात सांगताना नाशिक गाळलं जातं, हे खरंच खटकतं.

लिमुरूसाठी मोंबासा-नैरोबी रेल्वेचे पाच-सहा तास धरा, पुढे नैरोबी शहरातून रस्त्याने साधारण ३० किलोमीटर. उंची २,००० मीटरच्या वर. जून-जुलैत स्वेटर हवाच, किनाऱ्यावरचे कपडे पुरत नाहीत. सुट्टीत वर्ग बंद असतात, म्हणून आधी कार्यालयाला लिहून तारीख ठरवा.