पुण्यातला बेस्ट बर्गर कुठला? आपापले अनुभव येऊ द्या

मंडळी, झालं असं की पोराची दहावी संपली आणि साहेबांनी जाहीर केलं, मला फोन नको, ट्रिप नको, दर शनिवारी एक बर्गर पाहिजे आणि पुण्यातला सगळ्यात भारी सापडेपर्यंत थांबायचं नाही. मी म्हटलं फोनपेक्षा स्वस्तात सुटतोय, हो म्हणून टाकलं. नंतर हिशोब केला तेव्हा कळलं सुटलो वगैरे काही नाही. अकरा शनिवार, अकरा जागा, कॅम्प, कोरेगाव पार्क, विमाननगर, बाणेर, एकदा तर पार पिंपळे सौदागर, आणि तेही मे महिन्यात.

नियम पोरानंच केले. पार्सल नाही, तिथेच बसून खायचा. मेनूतला साधा बर्गर घ्यायचा, मॉन्स्टर नि व्होल्कॅनो असल्या नावाचं काही मागवायचं नाही. आणि काटा-सुरी लागली की तो बर्गर तिथेच बाद. या शेवटच्या नियमानं अकरातले चार गेले. वीतभर उंच रचायचं, वरून काडी खुपसायची, लाकडी फळीवर आणून ठेवायचं, आता खा कसा खायचा तो. एका कॅफेत काळाकुट्ट बन आला, कोळशाची पूड घातलेला. पोरानं काळ्या ओठांचा सेल्फी काढला, तेवढीच वसुली.

सुरुवात ईस्ट स्ट्रीटवरून केली कारण माझा आयुष्यातला पहिला बर्गर तिथला. १९९४-९५ असेल. आम्ही तिघं मित्र शुक्रवार पेठेतून सायकली हाणत कॅम्पात, घरी सांगितलेलं लायब्ररी. घरात अंडंसुद्धा चालत नव्हतं. चिकन बर्गर आला तो मी दोन्ही हातांनी असा धरला की जसं कोणी येऊन काढूनच घेणार आहे, आणि पहिल्याच घासाला मेयोनीज मनगटावरून बाहीत. येताना वास जावा म्हणून मूठभर बडीशेप चावली. आईला कळलंच. तिनं विचारलं काही नाही, फक्त माझा शर्ट वेगळा भिजवला.

आता तीस वर्षांनी चव तीच आहे का, तर माझी जीभ फितूर साक्षीदार आहे, मला विचारू नका. पोराच्या वहीत तो तिसरा आला. दुसरा कोरेगाव पार्कातला एक, पण तो महिन्याभरात बंद पडला. पहिला नंबर वहीत अजून रिकामा आहे, म्हणून हा धागा. कुठे खाल्ला, काय खाल्ला आणि टिश्यू किती लागले ते लिहा. शिव्या घालायच्या असतील तर हॉटेलचं नाव न घेता घाला.

कॅम्पातली

अहो, ईस्ट स्ट्रीटला जाऊन आलात आणि पाटीबद्दल एक शब्द नाही? त्या बर्गरपेक्षा त्याच्या नावाची गोष्ट जास्त चघळलीय लोकांनी. इराणी दांपत्याचं ते हॉटेल १९९२ पासूनचं, नाव बर्गर किंग. अमेरिकेतली त्याच नावाची कंपनी भारतात दुकान उघडून बसली २०१४ मध्ये, पण दावा त्याच्या आधीच २०११ मध्ये ठोकलेला की हे नाव आमचं. मग पाटीवर नुसतं 'बर्गर' उरलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या कोर्टानं कंपनीचा दावा फेटाळला, इथले लोक तुमच्या आधीपासून हे नाव वापरतायत म्हणून. तेव्हा आमच्या गल्लीत अशी चर्चा की जणू भारतानं मॅच जिंकली. आणि लगेच कंपनी हायकोर्टात गेली, तिथून आदेश आला की अपिलाचा निकाल लागेपर्यंत ते नाव वापरायचं नाही, मग मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या आदेशाला स्थगिती दिली. आमच्या घरात मात्र अजून 'किंगला जाऊया' असंच म्हणतात, त्याला कोर्ट काय करणार.

पण माझा स्वतःचा जीव मार्झोरिनमध्ये अडकलाय. वर गॅलरीत जागा मिळाली तर, खाली एमजी रोड वाहतोय, हातात चिकन सँडविच. बर्गर तिथला साधासुधा असतो, कोणी त्याचे फोटो काढत नाही. पप्पा शनिवारी ऑफिसातून येताना कयानी बेकरीच्या लायनीत उभे राहायचे आणि आम्हाला इथे बसवून ठेवायचे. लाईन मोठी असली की आम्हाला दुसरं सँडविच मिळायचं, त्यामुळे आम्ही देवाला काय मागायचो ते सांगायला नको.

पालकपनीर

शाकाहाऱ्यांना या धाग्यात प्रवेश आहे ना? नसला तरी आलेय.

मला पडलेला जुना प्रश्न, व्हेज बर्गर म्हणजे नक्की काय? माझा पहिला इंजिनिअरिंगच्या कँटीनचा. गोड बन, मध्ये कटलेट, कोबी, दोन चकत्या काकडीच्या आणि तो लालभडक भोपळ्याचा सॉस, ज्याला आपण सगळे प्रेमानं टोमॅटो सॉस म्हणायचो. मग जंगली महाराज रोडवर मॅकडोनाल्ड्समध्ये आलू टिक्की. १९९६ ला ही मंडळी भारतात आली तेव्हा बीफ नसलेलं त्यांचं जगातलं पहिलं दुकान भारतातलं होतं म्हणतात, महाराजा मॅकसुद्धा आधी मटणाचा होता, नंतर चिकनचा झाला. आणि आपल्याकडे चालला काय तर बटाटा! माझी आजी तो खाऊन म्हणाली, "अगं वडाच आहे की, डाळीच्या पिठात बुडवायचा विसरलेत." आजीनं एका वाक्यात विषय संपवला होता पण मी अजून शोधतेय.

अनुभव सांगायचा तर कॅफेवाल्यांना शाकाहारी माणूस म्हणजे कमी जिभेचा वाटतो. चिकनवाल्याला खरपूस पॅटी आणि आम्हाला पनीरची वीट, मीठसुद्धा आत गेलेलं नसतं. एका ठिकाणी बीटरूटची पॅटी, ३८० रुपये अधिक जीएसटी. दिसायला सुंदर. चावल्यावर ती मागच्या बाजूनं संपूर्ण बाहेर आली आणि थेट मांडीवर, पांढरी कुर्ती होती. वेटर दादा धावत सोडा घेऊन आले, म्हणाले मॅडम रोज होतं. रोज होतं तर बदला ना मग!

शेवटी घरी राजमा आणि मशरूमची करते. राजमा शिजल्यावर कपड्यावर पसरून कोरडा करायचा, मशरूम पाणी आटेपर्यंत परतायचं, भाजलेले पोहे भरडून घालायचे. फुटत नाही. दिरानं तीन खाल्ले आणि मग विचारलं की यात चिकन आहे का.

एक_निवृत्त_बेकरीवाला

सगळे पॅटीवर बोलताय, पावावर कोणीच नाही. आमची हडपसरला बेकरी होती, वडिलांपासून, काही वर्षांपूर्वी बंद केली. शेवटी शेवटी आम्ही लादी कमी आणि बर्गर बन जास्त काढत होतो कारण रस्त्या रस्त्यावर कॅफे निघाले. सगळ्यांची एकच मागणी, काका अजून सॉफ्ट द्या. अहो अजून सॉफ्ट म्हणजे अजून हवा. हवेवर रस पडला की लगदाच होणार. लादी पावाच्या पिठात साखर-तूप जवळजवळ नाहीच, भट्टीची आंच कडक, म्हणून वडापावाचा पाव चटणी पिऊनही उभा राहतो. बर्गर बनमध्ये साखर, दूध, फॅट, म्हणून तो मऊ आणि गोडसर. तो भाजलाच पाहिजे, कापलेली बाजू लोणी लावून तव्यावर, चांगली तांबूस. ती तांबूस कड म्हणजे गळती थांबवायला लावलेलं डांबर समजा. ते न करता गिऱ्हाईकासमोर ठेवणारे निम्म्याहून जास्त.

दुसरं, ताजा ताजा म्हणून गरम बन कापायला मागायचे. गरम बन कापला की आत चिकट, सुरीला गोळा येतो. पूर्ण निवू द्यायचा. आणि उरलेले बन फ्रिजमध्ये टाकायचे नाहीत, फ्रिजमध्ये पाव बाहेरपेक्षा लवकर शिळा होतो. एकतर बाहेर झाकून ठेवा नाहीतर सरळ फ्रीझरमध्ये. हे मी दहा जणांना सांगितलं, नऊ जणांनी मान डोलावली आणि फ्रिजमध्येच ठेवले.

बाकी माझं मत विचाराल तर आपटे रोडला संतोष बेकरीचं पॅटिस गरम असताना खा, बर्गरचा विचार डोक्यातून जाईल.

धागाकर्ता

काका दंडवत! पोराच्या वहीत 'बन' असा रकानाच नव्हता, आत्ता आखून घेतला. आणि आठवून बघितलं तर आम्ही ज्यांना नापास केलं त्यातल्या बहुतेकांची पॅटी ठीक होती.

खिमापाव

काकांना अनुमोदन, पण पॅटीचंही ऐका. मी घरी करतो, आठवड्याला एकदा, बायको म्हणते व्यसन आहे. पुण्यात बर्गर कोरडे का लागतात? खिमा फार 'स्वच्छ' असतो. मटणवाला चरबी काढून देतो आणि आपणही खूश. शंभर ग्रॅममध्ये वीसेक ग्रॅम चरबी पाहिजे, नाहीतर कबाब होतो. दुसरी चूक म्हणजे खिम्यात मीठ, आलं-लसूण, अंडं, ब्रेडचा चुरा घालून कणकेसारखं मळणं. मीठ घालून मळलं की खिमा चिवट होतो, सीख कबाबाला ते हवंच असतं, बर्गरला नको. मीठ तव्यावर टाकताना वरून लावा. गोळा हलक्या हातानं, मध्ये अंगठ्यानं खळगा, नाहीतर फुगून पॅटीचा चेंडू होतो. किंवा मग स्मॅश करा, सणसणीत तापलेल्या बिडाच्या तव्यावर गोळा ठेवून उलथन्यानं दाबायचा, कड जाळीदार कुरकुरीत होईपर्यंत हात लावायचा नाही. चिकनचा असेल तर मात्र पूर्ण शिजवा, आत गुलाबी वगैरे शौक नकोत.

बाहेरचा अनुभव म्हणाल तर मेनूवर 'टेंडरलॉइन', म्हणजे बीफचा मऊ तुकडा, वाचून मी बराच काळ गोंधळलो होतो. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैल-वळू कापणंसुद्धा बंद, त्यामुळे तिथे असतं ते म्हशीचं. ते चरबीला फार कमी, म्हणून शेफ हुशार असेल तर लोणी किंवा दुसरी चरबी घालतो, नसेल तर तुम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत चावत बसता. विमाननगरला मला पहिल्या प्रकारचा मिळाला होता, पुढच्या वेळी गेलो तर शेफ दुबईला गेलेला. पुण्यातले बर्गर शेफबरोबर विमानात बसतात.

म्हापशेकर

पुणेकर नाही पण राहवलं नाही. आमच्या गोव्यात संध्याकाळी गाड्यावर जावा, कटलेट पाव मागा. मांसाची पातळ चकती मसाला लावून, रव्यात घोळवून तळलेली, पावात कांदा-कोबी, पाहिजे तर तिखट सॉस. पोईत घातलं तर अजून बेस्ट, कारण पोई आतून पोकळ, बाहेरून कोंडा लावलेली, काही गळत नाही. उभ्यानं खायचा, बशी नाही, फळी नाही, काडी नाही. तुमच्या पोराच्या तिन्ही नियमांत बसतो बघा. त्याला बर्गर म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा, आम्ही तोवर दुसरा मागवतो.

सॅन_होजेवाली

इथे कॅलिफोर्नियात इन-एन-आउट या बर्गरवाल्यांकडे मेनू म्हणजे चार ओळी, आणि तरी रात्री अकराला गाड्यांची रांग. ॲनिमल स्टाइल मागितला की परतलेला कांदा आणि मोहरी लावून भाजलेली पॅटी, बोर्डावर लिहिलेलं नसतं पण सगळ्यांना माहीत. डिसेंबरात पुण्याला आले की भाचरं मला मुद्दाम महागड्या बर्गरला नेतात, मावशीला तिकडची आठवण येत असेल म्हणून. मावशीला कॅफे गुडलकचा बन मस्का हवा असतो हो, पण मुलांचा उत्साह बघून गप्प बसते आणि बिल पण मावशीच भरते.

कर्वेनगरचा_नोकरदार

माझा अनुभव छोटा आहे. ऑनलाइन मागवला, पाऊस, सव्वा तास. बन वाफेनं ओला, फ्राईज दोरीसारखे. पार्सल नाही हा नियम ज्यानं केला त्या मुलाला माझ्यातर्फे एक बर्गर.

धागाकर्ता (लॉगिन बाबांचं, लिहितोय मी)

नमस्कार काका-काकू. बाबा आंघोळीला गेलाय म्हणून पटकन लिहितो. एक तर वहीत ईस्ट स्ट्रीट तिसरा नव्हता, पाचवा होता, बाबानं पेननं खोडून वर नेलाय, मी फोटो काढून ठेवलाय. दुसरं म्हणजे दोन ठिकाणी काटा-सुरी त्यानं स्वतः मागितली, कारण त्याची दाढ दुखत होती, आणि तरी ते बर्गर माझ्या नियमानं बाद केले. ते दोन्ही परत खायला पाहिजेत असं माझं मत आहे.

बेकरीवाले काका, बन भाजलाय की नाही हे न चावता बाहेरून कसं ओळखायचं? कारण या शनिवारी पैसे मी देणारे, माझ्या वाढदिवसाचे.

एक_निवृत्त_बेकरीवाला

बाळा, वरचा बन उचलून बघायचा. आणि वेटर बघत असेल तर खुशाल बघू दे.