मदत हवी आहे: अमेरिकेत पोलिसाच्या खिशातून भरपाई कधी जाते का?

मंडळी, इथे कोणी अमेरिकेतले वकील किंवा कायद्याचे जाणकार आहेत का? पोलिसाच्या हातून जीव गेलेल्या जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या प्रकरणात मिनियापोलिस शहराने २०२१ मध्ये कुटुंबाला २ कोटी ७० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. त्याला मारणारा पोलीस डेरेक शोविन तुरुंगात गेला, पण पैसे मात्र शहराचे. म्हणजे ज्या काळ्या वस्तीने मार खायचा, तिच्याच करातून भरपाई! मला तरी हे पटत नाही.

‘क्वालिफाइड इम्युनिटी’मुळे (सरकारी अधिकाऱ्यांना दाव्यांपासून मिळणारं कायदेशीर संरक्षण) दिवाणी दाव्यात पोलीस अनेकदा सुटतात, इथवर समजलं. कोलोराडो राज्याने २०२० मध्ये कायदा केला: सद्भावनेने न वागलेल्या पोलिसाकडून २५,००० डॉलरपर्यंत वसुली होऊ शकते. अशी वसुली खरंच झाल्याचं एखादं प्रकरण माहीत आहे का? निकालाची प्रत कुठे मिळेल, तेही सांगा. बातम्या नकोत, त्या ढीगभर वाचल्यात.