मज्जारज्जूच्या इजेनंतर कमी ऑक्सिजनचा श्वासोपचार घरी करता येईल का?

कोकणची वहिनी: माझे धाकटे दीर दोन वर्षांपूर्वी नारळाच्या झाडावरून पडले आणि मानेत, सी-६ पातळीवर, त्यांच्या मज्जारज्जूला इजा झाली. इजा ‘इन्कम्प्लीट’, म्हणजे अपूर्ण (काही मज्जातंतू शाबूत), असल्यामुळे वॉकर धरून ते पंधरा-वीस पावले टाकतात. मात्र गेले आठ महिने प्रगती थांबली आहे. अमेरिकेत कमी ऑक्सिजनची हवा थोडा थोडा वेळ देऊन चालणे सुधारण्याचे प्रयोग झाल्याचे वाचले. ऑनलाइन मिळणारा ‘अल्टिट्यूड मास्क’ लावून हे घरी जमेल का? ते नित्य प्राणायाम करतात; कुंभकाने, म्हणजे श्वास रोखून धरल्याने, तोच परिणाम साधतो का?

न्यूरो-फिजिओ: दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. तो मास्क मुख्यतः हवेला अडथळा आणतो, त्यातल्या ऑक्सिजनचे प्रमाण ठरवून कमी करत नाही. कुंभकात कार्बन डायऑक्साइडही साचतो आणि मात्रा मोजता येत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अपूर्ण इजेच्या १९ रुग्णांना ९ टक्के ऑक्सिजनची हवा ९० सेकंद, मग साधी हवा ६० सेकंद, अशी १५ आवर्तने सलग ५ दिवस दिली होती. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवरही हवा इतकी विरळ नसते, हे ध्यानात घ्या. या हवेने चालण्याचा वेग वाढला, आणि तिच्या जोडीला अर्धा तास चालण्याचा सराव करून घेतला तेव्हा सहा मिनिटांत कापलेले अंतरही वाढले. ऑक्सिजन घटल्याची वर्दी मानेतल्या धमनीजवळच्या संवेदी पेशी मेंदूला देतात, मज्जारज्जूत सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन स्रवते, त्यातून बीडीएनएफ हे प्रथिन तयार होते आणि शाबूत राहिलेल्या मज्जातंतूंचा स्नायूंशी संवाद काही काळ अधिक जोरकस होतो. तुटलेले तंतू त्याने जुळत नाहीत. म्हणून खरा उपचार सरावच. ही हवा, फार तर, त्याआधीची नांगरणी.

चाकाची खुर्ची, नऊ वर्षे: मी रुग्ण आहे, डॉक्टर नव्हे. प्रगती थांबली की माणूस काहीही विकत घेतो. मीही घेतले आहे. वहिनी, दीर झोपेत घोरतात का? मानेच्या इजेनंतर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास मधूनमधून थांबणे) पुष्कळांना होतो आणि त्यात रात्रभर, महिनोन्‌महिने ऑक्सिजन वरखाली होत राहतो, जे हृदयाला अपायकारकच आहे.

न्यूरो-फिजिओ: अगदी योग्य प्रश्न. शिवाय टी-६ (छातीमागची सहावी पातळी) वा त्यावरच्या, म्हणजे दिरांसारख्या मानेतल्याही, इजेत रक्तदाब एकाएकी भडकण्याचा धोका असतो. देखरेखीविना असले प्रयोग नकोत.

कोकणची वहिनी: घोरतात, आणि मध्येच श्वास अडकून दचकून उठतातही, आम्ही ते थकव्यावर ढकलत होतो. मास्कची ऑर्डर रद्द केली आहे. मुंबईत हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत दाखवायला नेऊ, तेव्हा झोपेच्या तपासणीचेच आधी विचारते.